दीक्षा आणि सनद

तापीच्या उत्तरेस, बुऱ्हाणपूरपासून काही कोसांवर, सातपुड्याची खिंड राखीत उभा असलेला असीरगड 1601 च्या जानेवारीत अकबराच्या हाती आला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु त्या वेढ्याच्या काळात बादशाही छावणीबरोबर जेझुइट संघाची दोन माणसे वावरत होती, आणि एकाच संघाची असूनही त्यांचा धार्मिक अधिकार सारखा नव्हता, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. जेरोम झेवियर हे दीक्षित पाद्री होते; त्यांचे सोबती बेंतो द गोइश हे केवळ व्रतस्थ बंधू. त्याच वर्षी बादशहाच्या वकिलातीबरोबर गोव्यास गेलेल्या आणि पुढे मध्य आशिया ओलांडून चीनच्या सरहद्दीपर्यंत मजल मारणाऱ्या या असामान्य पुरुषास मिस्सा अर्पण करण्याचा अथवा पापनिवेदन ऐकून क्षमा उच्चारण्याचा अखत्यार अखेरपर्यंत नव्हता, कारण तो अखत्यार विद्वत्तेने अगर धैर्याने प्राप्त होत नसून दीक्षेनेच प्राप्त होतो.

ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या अधिकाराचा विचार करताना अध्ययन, दीक्षा आणि नेमणूक या तीन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झालेला प्रत्येक गृहस्थ जसा सनद मिळेपर्यंत वकील ठरत नाही, तसाच धर्मशास्त्राचा पदवीधर केवळ पदवीमुळे पाळक होत नाही. दीक्षा कोणी द्यावी, यावर मात्र पंथापंथांत तीव्र मतभेद आहेत. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि अँग्लिकन परंपरेत प्रेषितांपासून हस्तारोपणाने चालत आलेल्या बिशपांच्या मालिकेस महत्त्व. प्रेसबिटेरियनांत पाळक व वडील यांच्या सभेस. तर बॅप्टिस्ट आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांत स्थानिक मंडळीच्या पाचारणास. यामुळे एका पंथाची दीक्षा दुसऱ्यास अपुरी वाटावी, हे क्रमप्राप्तच होते. पोप तेराव्या लिओंनी तर 1896 मध्ये अँग्लिकन दीक्षा सर्वस्वी निरर्थक ठरवली.

या वादाची एक विलक्षण शाखा आपल्या गोव्यातून निघाली आहे. वेर्णे येथील पाद्री आंतोनियु फ्रांसिश्कु शाव्हिएर आल्व्हारिश हे पोर्तुगीज पादरोआदो (पोर्तुगालच्या राजसत्तेचा चर्चवरील आश्रयाधिकार) आणि रोम यांच्या अधिकारकलहात सापडून कॅथलिक पंथापासून दुरावले, आणि 1889 मध्ये कोट्टायम येथे सिरियन ऑर्थोडॉक्स परंपरेत बिशप झाले. 1892 मध्ये कोलंबो येथे त्यांनी अमेरिकेत धर्मकार्य करणाऱ्या जोसेफ रने व्हिलात यांस बिशपपदाची दीक्षा दिली; पुढे व्हिलातांनी अनेकांस दीक्षा दिल्या, आणि आज पाश्चात्त्य देशांत विखुरलेले कित्येक स्वतंत्र बिशप आपली परंपरा या गोमंतकीयापर्यंत नेऊन भिडवतात. आल्व्हारिशांनी स्वतः उत्तरायुष्य रुग्ण व निराधार यांच्या सेवेत वेचले आणि 1923 मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाने चाललेली ही परंपरा मात्र एक मर्म दाखवते: दीक्षेची साखळी सिद्ध करता आली, तरी दीक्षिताची जबाबदारी घेणारी व त्याजकडून जाब मागणारी मंडळी पाठीशी नसेल, तर त्या साखळीचे मोल कागदापुरतेच उरते.

उलट उदाहरण नागपूरचे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी तेथे सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, अर्थात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. बिशपांनी दीक्षित झालेले अँग्लिकन, मंडळीने निवडलेले बॅप्टिस्ट आणि अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील पाळक यांना एका पंक्तीस कसे बसवावे, हा पेच होता. कोणाची जुनी दीक्षा खोटी न ठरवता परस्परांच्या मस्तकी हात ठेवून, ज्यास जे उणे असेल ते ईश्वराने द्यावे, अशी प्रार्थना करण्यात आली. कोणाचे काय उणे, हा निर्णय जाणूनबुजून मनुष्याच्या हाती ठेवला नाही. आणि माझ्या मते शतकानुशतकांच्या वादात इतका समंजस तह विरळाच झाला असेल.

पदव्यांचीही अशीच वंशावळ असते. श्रीरामपूर महाविद्यालयास डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने 1827 मध्ये पदवीदानाची सनद दिली, आणि बंगालच्या 1918 च्या कायद्याने तिची व्यवस्था लावली. पुण्याची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी याच श्रीरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहे. 1893 मध्ये कँडी येथे स्थापन होऊन 1955 मध्ये पुण्यास आलेल्या पेपल सेमिनरीची परंपरा थेट रोमशी जोडलेली आहे. ज्या प्रमाणपत्रामागे अशी तपासता येणारी संस्था नाही, ते कितीही सुंदर छापलेले असले तरी त्यास पदवी म्हणता येत नाही.

सामान्य कुटुंबाला हा प्रश्न भिडतो तो विवाहप्रसंगी. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यान्वये बिशपाकडून दीक्षित झालेला धर्मगुरू आपल्या पंथाच्या नियमांनुसार लग्न लावू शकतो. अन्य पाळकांस बहुतांशी सरकारी परवाना लागतो, आणि अधिकार नसता लग्न लावणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. म्हणून नावामागे 'रेव्हरंड' अथवा 'डॉक्टर' लावणाऱ्या गृहस्थास लग्नासाठी बोलावण्यापूर्वी दीक्षा कोणी दिली, परवाना कोणता आणि आपण कोणत्या मंडळीस जबाबदार आहात, हे वाचकांनी निःसंकोच विचारावे. खऱ्या पाळकास या प्रश्नांचा राग येण्याचे कारण नाही.