२४ तासांची रेस पूर्ण कशी करायची?

मंडळी, आज ग्रॅन टुरिस्मो ४ मधल्या नुर्बर्गरिंगच्या २४ तासांच्या रेसबद्दल बोलू. तिथल्या नॉर्डश्लाइफचा एक लॅप जवळपास २१ किलोमीटरचा. टायर गेलेत हे मध्येच कळलं, तर पिटपर्यंत रखडतच यावं लागतं. म्हणून पहिल्या तासात मी पुढे जायची घाई करत नाही. टायर किती लॅप टिकतात ते मोजतो आणि एक लॅप आधीच पिटमध्ये शिरतो.

थकलात की बी-स्पेक! गाडी कॉम्प्युटर चालवतो, सूचना आपण द्यायच्या. यात वेळ तिप्पट वेगानं पळवता येतो, म्हणजे २४ तासांचे ८ होतात. फक्त एक लक्षात ठेवा: रेस सुरू असताना सेव्ह होत नाही. लाइट गेली, की सगळं पाण्यात. त्यामुळे आधी इन्व्हर्टर बघा, मग गाडी निवडा.