पेटीत राहिलेली गाणी



मागच्या बैठकीत बचत जमा झाली आणि एकीने मोबाइलवर गाणं लावलं. "हे कुठंच आलेलं नाही हं," एवढंच म्हणाली. गाण्यापेक्षा खरखर जास्त, तरी सगळ्या जवळ सरकल्या. आपल्याआधी कोणी ऐकलेलं नाही, याचंच अप्रूप असतं.

लता मंगेशकरांनी १९४२ साली ‘किती हसाल’ या मराठी चित्रपटासाठी पहिलं गाणं गायलं आणि तेच चित्रपटातून वगळलं गेलं. पुढे विशाल भारद्वाज यांनी त्यांच्याकडून गुलजारांचं ‘ठीक नहीं लगता’ गाऊन घेतलं. तो चित्रपट बनलाच नाही. गाण्याची टेप वीसहून अधिक वर्षं पडून होती. ती सापडली आणि २८ सप्टेंबर २०२१ला, दीदींच्या वाढदिवशी, गाणं बाहेर आलं.

एवढ्या जुन्या टेपवरून गाणं स्वच्छ कसं निघालं? दीदींचा आवाज टेपवर वेगळ्या पट्टीवर होता, म्हणून वाद्यं नव्याने बसवता आली. आपल्या मोबाइलवर मात्र गाणं, पंखा, लेकराचं रडणं सगळं एकत्रच भरलं जातं. आमटीत मीठ जास्त पडलं की काढता येतं का? तसंच ते. टेप-कॅसेटचा आणखी एक शत्रू म्हणजे दमट हवा. आपल्या किनाऱ्याकडे तर बुरशी लवकर धरते. न आलेलं प्रत्येक गाणं सोन्याचंच असतं असंही नाही. काही जमली नाहीत म्हणूनच मागे राहिलेली असतात.

पण आमच्या मनात दुसरंच गाणं आहे. बोईसरजवळच्या पाड्यावर एक धवलेरी आजी होत्या. लग्नातली गाणी रात्रभर पुरतील एवढी पाठ. बैठकीत आम्ही त्यांचं गाणं मोबाइलवर घेतलं. मोबाइल पंख्याखाली, आजी लांब भिंतीशी, त्यात बाहेरून कंपनीची बस हॉर्न वाजवत गेली. ‘पुन्हा नीट घेऊ’ म्हणालो आणि राहूनच गेलं. पावसाळ्यात आजी गेल्या. आता त्यांचा आवाज उरलाय तो तेवढाच, पंख्यासकट. त्यांची सून तोच पुन्हा पुन्हा ऐकते.

येत्या रविवारी आम्ही दुसऱ्या एका धवलेरींकडे जाणार आहोत. पंखा बंद ठेवू, मोबाइल हातभर अंतरावर गोधडीच्या घडीवर ठेवू. रिकाम्या पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून कपडे-अंथरुणं असलेली खोली निवडू. आधी थोडं भरून ऐकून बघू. व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट करून पाठवलं की आवाज दाबला जातो. त्यापेक्षा मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायची आणि एक प्रत मेमरी कार्डावर ठेवायची.

आणि गाणं झाल्यावर त्यांनाच विचारू, रेडिओवर लावू का? काही गाणी मांडवातच म्हणायची असतात. त्या नको म्हणाल्या, तर ती प्रत त्यांच्याच घरी राहील.