बंगळुरू बुल्सचं विजेतेपद एकट्या पवनचं नव्हतं

प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामात बंगळुरू बुल्सने विजेतेपद मिळवलं, ते पवन सेहरावतने एकहाती आणून दिलं असं सर्रास म्हटलं जातं. त्याला आधार आहे. आदल्या वर्षी गुजरातकडून खेळताना त्याला फारसा वाव मिळाला नव्हता. बुल्सकडे परतल्यावर त्याने चढायांत 271 गुण घेतले. 5 जानेवारी 2019 ला मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात मध्यंतराला बुल्स 9-16 असे मागे होते, तरी सामना 38-33 असा जिंकला आणि त्यातले 22 गुण पवनचे! पण मग पुढचा हंगाम बघा. पवनने चढायांत तब्बल 346 गुण मिळवले, हरियाणाविरुद्ध एकाच सामन्यात 39, आणि बुल्स उपांत्य फेरीतच दिल्लीकडून हरले. एकट्याच्या गुणांवर करंडक येत असता, तर तो याच वर्षी यायला हवा होता.

कबड्डीत बाद झालेला चढाईपटू बाहेर बसतो आणि सहकाऱ्यांनी गुण घेतल्याशिवाय परत येत नाही. म्हणून कर्णधार रोहितकुमारच्या चढाया आणि महेंदरसिंगच्या पकडी यांचं मोल त्यांच्या स्वतःच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. प्रशिक्षक रणधीरसिंग यांच्या या संघाला विजेतेपदाच्या वर्षी ‘घरचे’ सामनेही बंगळुरूऐवजी पुण्यात खेळावे लागले होते, हे तर आज फारसं कुणाच्या लक्षातही नाही.