बदनामांची बाजू ऐकणारा कादंबरीकार
ऐतिहासिक कादंबरी म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गड जिंकणारा वीर उभा राहतो. ना. सं. इनामदारांनी (१९२३–२००२) मात्र ‘झेप’ या पहिल्याच कादंबरीत खुनाचा आळ आलेल्या त्रिंबकजी डेंगळ्यांना नायक केले. पुढे ‘मंत्रावेगळा’त पळपुटा म्हणून हिणवलेला दुसरा बाजीराव आला, ‘राऊ’त मस्तानीपायी घरच्यांनीच कोंडीत धरलेला पहिला बाजीराव, आणि ‘शहेनशहा’त तर थेट औरंगजेब. बदनामांची बाजू ऐकून घेणे, हीच इनामदारांची मराठी कादंबरीला खरी देणगी आहे.

पंढरपूर परिसरातल्या वाचकाला ही माणसे परकी नाहीत. जुलै १८१५मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन विठ्ठलाचे दर्शन घेऊन परतताना मारले गेले, ते आपल्या पंढरपुरात. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर आले होते. त्यांच्या खुनाचा आळ त्रिंबकजींवर आला; इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने दुसऱ्या बाजीराव पेशव्यावर दबाव आणून त्रिंबकजींना ताब्यात घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात डांबले. फिर्याद इंग्रजांची, चौकशी त्यांचीच, शिक्षाही त्यांचीच! पुढच्याच वर्षी त्रिंबकजी निसटले. भिंतीबाहेर घोड्याला खरारा करणारा मोतद्दार गाण्यातून सुटकेचा बेत कळवत होता आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हते, अशी आख्यायिका आहे. १८१८मध्ये ते पुन्हा सापडले आणि चुनारच्या कैदेतच वारले. अशा माणसाची बाजू सरकारी कागदांत कशी मिळणार?

यावर आक्षेप असा, की कादंबरीकार मग वकीलपत्रच घेतो आणि भाबडा वाचक कादंबरीलाच इतिहास समजतो. आक्षेप खोटा नाही. ‘राऊ’वर बेतलेला ‘बाजीराव मस्तानी’ २०१५मध्ये आला आणि पडद्यावरची मस्तानीच अनेकांना खरी वाटू लागली. पंढरपूरच्या खुनाचा निकालही ‘झेप’ देऊ शकत नाही. तिथे अस्सल कागदच पाहावे लागतील. पण माणसाच्या मनाशी कागद थांबतो. १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी माचणूरजवळ, भीमाकाठच्या ब्रह्मपुरीला होती. दिल्ली दूर राहिलेली, वय उताराला लागलेले, तरी हा बादशहा परत का फिरत नाही? ‘शहेनशहा’ त्याच्या मनात शिरू पाहते. म्हणजे त्याला माफी देते असे नव्हे. मराठे पंचवीस वर्षे कशाशी झुंजले, हे त्याचा हट्ट आतून पाहिल्यावर अधिक उमगते.