बिनटॉवरचं जाळं (11) : हॉप मोजून भागत नाही

एओडीव्ही ही रस्ता शोधण्याची पद्धत आज घेऊ म्हणालो होतो. ती पुढच्या आठवड्यावर. मधेच देवळालीच्या लॅम रोडवरून एका निवृत्त तोफखानावाल्या वाचकांचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. ते विचारतात, ''आमच्या वेळी संदेशावर 'फ्लॅश' पडलं की प्रायॉरिटी, रूटीन सगळं थांबायचं. फायर ऑर्डर आधी, शिध्याचा हिशेब मागून. तुमच्या नेटवर्कला पॅकेटवर एवढा शिक्का मारता येत नाही का?''

येतो की! 2005 मध्ये मंजूर झालेल्या 802.11ई या प्रमाणानुसार वाय-फायमध्ये चार वर्ग आहेत: आवाज, व्हिडिओ, नेहमीची वाहतूक आणि रेंगाळली तरी चालेल अशी. आवाजाच्या पॅकेटला हवेत शिरायला कमी थांबावं लागतं. पण या शिक्क्याचा मान आपल्या रांगेत आणि आपलं ऐकू येणाऱ्या शेजाऱ्यांत. टेकडीपलीकडच्या नोडला, म्हणजे जाळ्यातल्या रेडिओला, तुमचं काहीच ऐकू येत नाही, मधल्या नोडला मात्र दोघांचंही येतं. दोघं एकदम बोललात की फ्लॅशही बुडाला आणि रूटीनही.

शिवाय शिक्का रस्ता निवडत नाही. माझा खरा जीव अडकलाय तो इथे.

रस्ता निवडणारी, गेल्या आठवड्यातली डीएसडीव्ही आठवा. चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांची 1994 ची ती पद्धत क्रमांक पाहून माहिती ताजी की शिळी ते ठरवते, आणि दोन ताज्या रस्त्यांतून कमी हॉपचा, म्हणजे नोडवरून नोडवर कमी उड्यांचा, उचलते. एओडीव्ही आणि डीएसआर या पद्धतीही मुळात हॉपच मोजतात. तारेच्या नेटवर्कमध्ये ते खपून जातं, कारण तिथे तार एक तर जोडलेली असते नाही तर तुटलेली. हवेत कमीत कमी हॉप म्हणजे लांबच लांब उड्या, आणि लांब उडी म्हणजे बारीक सिग्नल. त्यात रस्ता शोधणारं पॅकेट छोटं, कमी वेगाने पाठवलेलं. ते एखाद वेळी नशिबाने लांब पोचतं आणि पलीकडच्याला लगेच 'शेजारी' ठरवून टाकतं.

एमआयटीच्या डी कुटो, अग्वायो, बिकेट आणि मॉरिस यांनी 2003 मध्ये यावर ईटीएक्स हे माप काढलं. एक पॅकेट पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावं लागेल, एवढंच ते विचारतं. समजा आपल्या कॅम्पाच्या टेकड्यांवरून एक रस्ता दोन हॉपचा आहे, पण प्रत्येक हॉपवर पॅकेट निम्म्याच वेळा पोचतं आणि त्याची पोचही निम्म्याच वेळा परत येते. एका हॉपचा खर्च 1 ÷ (0.5 × 0.5), म्हणजे 4. दोन हॉपचे 8. दुसरा रस्ता तीन हॉपचा, पण दोन्ही दिशांना 0.9. तिथे एका हॉपला साधारण 1.23, तिन्हींना मिळून 3.7. लांबचा रस्ता निम्म्याहून स्वस्त! बोलण्यासाठी एका बाजूचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा असं आयटीयू सांगते. आठ-आठ वेळा पाठवण्यात त्यातला वेळ खर्ची पडतो, आणि तेवढा काळ शेजाऱ्यांचीही हवा अडते.

मग ईटीएक्सच वापरा आणि मोकळे व्हा? इथेच गंमत आहे. 2004 मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या रिचर्ड ड्रेव्ह्ज, जितेंद्र पाध्ये आणि ब्रायन झिल यांनी कचेरीत 23 नोड मांडून मापांची झुंज लावली. नोड जागेवर होते तोवर ईटीएक्स सरस. पण पाठवणारा चालू लागला तेव्हा बिचाऱ्या हॉपमोजणीनेच बाजी मारली. ईटीएक्स दर सेकंदाला एक चाचणी-पॅकेट सोडून मागच्या 10 सेकंदांची सरासरी घेतं. तेवढ्यात चालणारा माणूस भिंतीआड गेलेला असतो आणि सरासरी अजून दाराशीच असते.

म्हणून माझं मत असं: तोफखान्याचा निरीक्षक टेकडीवर तासन्‌तास बसून असेल तर ईटीएक्स. गाड्या पळत असतील तर हॉपच मोजा, पण क्षीण सिग्नलच्या शेजाऱ्याला आधीच यादीतून काढा. एकच माप सगळीकडे चालवू पाहणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आणि हा वाद पुस्तकी राहिलेला नाही. डीआरडीओने विकसित केलेल्या, असंच जाळं विणू शकणाऱ्या सॉफ्टवेअर रेडिओंची ऑर्डर लष्कराने 2025 मध्ये बीईएलला दिली. दरवर्षी तोफखान्याच्या 'तोपची' सरावाला आपल्या खिडक्या हादरतात तेव्हा पत्रलेखकांसारखे जुने गनर तोफा ऐकतात. मला मात्र मधल्या रेडिओंचीच उत्सुकता असते.

एओडीव्हीकडे वळण्याआधी एक हिशेब करून ठेवा. एक रस्ता चार हॉपचा, दोन्ही दिशांना 0.8. दुसरा दोन हॉपचा, दोन्ही दिशांना 0.6. ईटीएक्स कोणता निवडेल? उत्तर आकडेमोडीसह कळवा, नुसतं 'पहिला' किंवा 'दुसरा' नको.