आधी त्याची न्याहारी, मग तुमचा क्लिक!

हातात कॅमेरा आला की प्रत्येकाला एकच फोटो हवा असतो. शिकारीचा! पण ज्याचा फोटो काढायचा, त्याच्या पोटाचं काय?

तुमच्या ऑफिसात असा एकतरी नमुना असतोच. सोमवार ते शुक्रवार कोडिंग, नाहीतर बँकेचं टार्गेट आणि शुक्रवारी संध्याकाळपासून एकदम 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर'! पाठीवर सॅक, सॅकमध्ये भलीमोठी लेन्स (तिचा ईएमआय अजून चालू) आणि डोक्यात एकच खूळ. नुसता फांदीवर बसलेला पक्षी नको, ॲक्शन हवी. पाण्यातून मासा उचलणारा ऑस्प्रे, चितळावर झेपावणारा वाघ. भुकेल्या प्राण्याचा तो एक क्षण.

या खुळाला नावं ठेवायचं कारण नाही. शिकार करताना प्राणी जसा दिसतो, तसा एरवी कधीच दिसत नाही. आणि एसी केबिनमध्ये आठवडा काढलेल्या माणसाला पहाटेच्या थंडीत तो क्षण दिसला, तर सोमवारचं प्रेझेंटेशनसुद्धा सुसह्य होतं!

पुणेकरांसाठी या वेडाची पंढरी म्हणजे भिगवण. सोलापूर हायवेनं साधारण शंभर किलोमीटर. भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी इथं मागं पसरलंय आणि हिवाळ्यात कुंभारगाव, डिकसळच्या काठांवर फ्लेमिंगो, चित्रबलाक, बदकं यांचं संमेलनच भरतं. पण लेन्सवाल्यांचा खरा हिरो एकच, ऑस्प्रे.

हा पक्षी म्हणजे मासेमारीतला स्पेशालिस्ट. त्याचं जेवण जवळजवळ सगळं माशांचंच. पायाचं बाहेरचं बोट मागे वळतं, म्हणून पुढे दोन, मागे दोन अशी पक्की पकड बसते. तळव्यावर बारीक काटे असतात, त्यामुळे बुळबुळीत मासाही निसटत नाही. पाण्यात शिरताना नाकपुड्या मिटतात. आणि मासा घेऊन उडताना तो त्याचं डोकं पुढे करतो, म्हणजे हवेचा अडथळा कमी! एवढी तयारी असूनही त्याच्या कितीतरी झेपा फुकट जातात. म्हणजे पंजात मासा आला, तर ती त्याची कष्टाची कमाई असते.

जानेवारीतल्या एका शनिवारी मी आणि माझा एक आयटीवाला मित्र तिथं होतो. पाण्यातल्या वाळक्या खुंटावर ऑस्प्रे बसला होता, पंजाखाली ताजा मासा. आमच्या नाववाल्या मामांनी बांबू रोवून नाव थांबवली. "ताई, हितनंच काढा. म्होरं गेलं की उठतोय त्यो." मित्र कुरकुरला, पण थांबला.

तेवढ्यात दुसरी एक नाव आमच्या पुढून थेट खुंटाकडे गेली. नाववाल्यावर मागून घाई चालली होती, "दादा, अजून थोडं... अजून थोडं!" ऑस्प्रेनं खाणं थांबवलं, मान वर केली आणि अर्धा मासा घेऊन उडाला. कुठून तरी एक घार त्याच्या मागे लागली. दोन गिरक्या झाल्या आणि मासा पाण्यात पडला. पलीकडच्या नावेत जल्लोष, "मिळाला, मिळाला!" मामा हळूच म्हणाले, "त्यास्नी फोटू मिळाला. त्याची न्याहारी गेली."

परतताना मित्रानं गाडीत वाद घातला. "एक मासा गेला तर काय बिघडलं? दुसरा पकडेल की!" मुद्दा अगदीच चुकीचा नाही. एका माशानं ऑस्प्रे मरत नाही. पण हिशेब एका नावेचा नसतो. हिवाळाभर, प्रत्येक शनिवार-रविवार, ज्याला त्याला क्लोजअप हवा असेल तर? आणि नाववाल्यालाही दोष देऊन भागत नाही. सीझन चार महिन्यांचा. जवळ नेलं तर टीप, नाही नेलं तर तोंड वाकडं. तो तेच करणार, जे आपण मागतो. आपणच 'मामा, थांबा' म्हटलं, तर त्यालाही थांबणं परवडतं.

दुसरा प्रकार गाठ्यांचा. नावेत पाकीट फुटलं की कुरव पक्ष्यांचा थवा डोक्यावर येतो आणि प्रत्येकाला 'फीडिंग शॉट' मिळतो. मध्य आशियातल्या तळ्यांवरून इथवर आलेल्या पाखरांना तळलेलं बेसन आणि मीठ! फोटो छान येतो हो, पण तो भुकेचा नसतो, फरसाणाचा असतो.

हा मोह फक्त आपल्याकडचाच नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' म्हणजे या क्षेत्रातलं ऑस्कर. २००९चा विजेता फोटो होता कुंपणाच्या फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा. जानेवारी २०१० मध्ये तो बाद झाला. लांडगा बहुधा माणसाळवलेला होता, असं परीक्षकांचं मत पडलं. २०१७ मध्ये ब्राझीलमधल्या वाळवीच्या वारुळावर ताव मारायला आलेल्या मुंगीखाऊचा फोटो एका गटात जिंकला, २०१८ मध्ये तोही बाद! मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा, असा निष्कर्ष निघाला. दोन्ही फोटोग्राफर्सनी आरोप नाकारले, पण बक्षीस गेलं ते गेलंच.

उलट आपल्या मुंबईचा नयन खानोलकर बघा. आरे कॉलनीतल्या आदिवासी वस्तीच्या गल्लीतून रात्री जाणारा बिबट्या त्याला हवा होता. त्यानं आमिष ठेवलं नाही, पाठलाग केला नाही. कॅमेरा ट्रॅप लावला, फ्लॅशचा उजेड गल्लीतल्या नेहमीच्या दिव्यासारखा ठेवला आणि वाट पाहिली. चार महिने! २०१६ मध्ये त्याच स्पर्धेत शहरी वन्यजीवांच्या गटात तो फोटो पहिला आला.

आणि वाट न पाहिल्यावर काय होतं? ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांचा रस्ता अडवला. व्हिडिओ फिरला आणि मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. पाच पोटं भरायची असलेल्या आईची वाट आपण अडवतोय, हे कोर्टानं सांगायची वेळ यावी?

या वीकएण्डला निघताय?

• नावेत बसतानाच सांगा, 'जवळ नको, पक्षी उठायला नको.' टीप मात्र चांगली द्या!

• खाणारा पक्षी थांबून तुमच्याकडे बघू लागला, की तुम्ही जास्त जवळ आहात. मागे या.

• झेप टिपायला शटर स्पीड १/२००० किंवा त्याहून जास्त, कंटिन्युअस फोकस आणि बर्स्ट मोड. उरलेलं अंतर क्रॉपिंगवर सोडा. एवढे मेगापिक्सेल घेतलेत कशाला?

• गाठ्या आणायच्या तर आणा, पण स्वतः खा.

• झेप हुकली तर कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघा. ऑस्प्रे पुन्हा घिरट्या घालायला लागेल. त्यालाही अजून नाश्ता मिळालेला नसतो.