दुसऱ्याचा कोड, तिसऱ्याच्या अटी

नरखेड किंवा मोवाडच्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या मराठी ॲपमध्ये मुक्त परवान्याचा ‘लोहित देवनागरी’ फाँट वापरला आणि सगळा प्रकल्प होस्टिंग सेवेवर चढवला, तर ‘मान्य आहे’ या एका क्लिकने तो त्या सेवेला मजकूर साठवण्याचा, दाखवण्याचा, प्रती काढण्याचा परवाना देतो. स्वतःच्या कोडपुरते हे ठीक. पण फाँट त्याचा नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 30 नुसार परवाना देणे हा मालकाचा अधिकार आहे. जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना तर पुढच्या वापरकर्त्यावर जादा बंधन लादूच देत नाही.

हा वाद नुसता कागदी आहे असे म्हणणाऱ्यांनी व्हीएलसी प्लेयरचे काय झाले ते पाहावे. ॲपल ॲप स्टोअरच्या अटी जीपीएलशी विसंगत आहेत, अशी तक्रार त्याच्याच एका विकासकाने केली आणि जानेवारी 2011 मध्ये ॲप तिथून हटले. 2013 मध्ये ते परतले, पण परवाना बदलूनच. आणि त्यासाठी विखुरलेल्या योगदानकर्त्यांची संमती गोळा करावी लागते, हे काम अतिशय कष्टाचे. गिटहब या कोड-होस्टिंग सेवेने 2017 मध्ये अटी बदलल्या तेव्हाही हाच प्रश्न उठला. मूळ परवान्यातच सेवेला लागणारी मुभा असेल तर वेगळा परवाना लागत नाही, असे गिटहबच्या अटी सांगतात, हे खरे. तरतूद रास्तच आहे. मात्र ती मुभा खरोखर आहे का, हे तपासण्याचे ओझे कोड चढवणाऱ्याच्याच खांद्यावर राहते.